वीस बेडूक आणि एक

बाबांना जाऊन चार महिने झाले होते, आणि ही गोष्ट सांगायला आत्याला सापडली ती जागा म्हणजे बसचा थांबा.

"तुझा बाबा त्या बेडकांच्या म्युझियममध्ये अजून ओरडतोय," ती म्हणाली, आणि चष्म्याच्या काचेवर 'हाः' करून ती रुमालाने पुसायला लागली.

"काय?"

"एकवीस खोकी आहेत तिथे. बटण दाबलं की आतला बेडूक ओरडतो. त्यातल्या एकात बेडूक नाही, तुझा बाबा आहे."

"कुठल्या?"

"ते माहीत असतं तर तुझ्यामागे कशाला लागले असते? मीच जाऊन ऐकून आले असते."

बाबा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. नळ्या धुणे, बरण्यांमधलं पाणी बदलणे, तासाला लागणारे बेडूक तळ्यातून पकडून आणणे ही त्यांची कामं. त्यांचे मित्र रेडिओकाका. जुन्या शहरात त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी रेडिओ आणायचे बंद केले तेव्हा काकांकडे रिकामी लाकडी खोकी उरली आणि बाबांकडे बेडकांची माहिती. दोघांनी मिळून संग्रहालय काढलं. एकवीस बेडकांचे आवाज टेपवर घेतले, एकवीस खोक्यांत बसवले, बाहेर पाटी रंगवली. पाटी वाळली आणि कळलं की एक टेप पाणी जाऊन खराब झाली आहे. दुसरा बेडूक शोधायचा तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावं लागणार होतं, आणि पाटी पुन्हा रंगवायचा दोघांनाही कंटाळा. मग बाबांनी घसा साफ केला.

"कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घेतली दोघांनी," आत्या म्हणाली. "मला कळलं ते माझ्या तोंडाळपणामुळे. एकदा मी त्याला म्हटलं, आयुष्यात काय केलंस रे तू? तर म्हणाला, अख्ख्या घराण्यात म्युझियममध्ये ठेवलेला मी एकटा आहे. पण कुठलं खोकं, ते मात्र शेवटपर्यंत बोलला नाही."

"मग आजच का सांगतेस?"

"कारण रेडिओचा काल फोन आला. जुन्या शहराचा नवा नकाशा निघतोय, बघण्यासारख्या जागांचा. त्याला त्यात यायचंय. त्यासाठी विद्यापीठातून एक बाई येऊन सगळे आवाज तपासणार. खोटा निघेल तो बाहेर. तर हा मला विचारतो, ताई, तुमच्या भावाचं काही प्रकरण तुमच्या कानावर आहे का? मी म्हटलं, कसलं प्रकरण? त्याने फोनच ठेवला."

"बाई कधी येणार आहे?"

"आज चार वाजता." आत्याने चष्मा चढवला. "म्हणून तर बसची वाट बघतोय ना आपण. मला काय हौस आहे उन्हात उभं राहायची?"

भाचीने घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते.

ती कानांवर पोट भरणारी बाई होती. इस्पितळातले डॉक्टर रोग्यांचे अहवाल यंत्रात बोलून ठेवत, आणि ती घरी बसून, कानाला हेडफोन लावून, पायाने पेडल दाबत ते टाइप करत असे. नुसत्या खोकल्यावरून ती डॉक्टर ओळखायची. तोंडात पेन धरून बोलणारा, जिना चढता चढता बोलणारा, बोलता बोलता झोपणारा, सगळे तिच्या कानात पत्त्यासकट मुक्कामाला होते. परक्या माणसांचे हजारो तास तिच्याकडे साठले होते आणि बाबांचं एक मिनिटही नव्हतं. फोनवर ते 'हं' आणि 'बरं' एवढंच म्हणत आणि जळतं लाकूड द्यावं तसा फोन दुसऱ्याच्या हातात देत.

आणि अलीकडे एक विचित्र गोष्ट होऊ लागली होती. त्यांची वाक्यं तिला आठवत, पण आवाज येत नसे. आठवायला गेलं की वाक्य छापील होऊन समोर यायचं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कानांवर जगणाऱ्या माणसाने असलं काही कबूल करायचं नसतं.

जुन्या शहराच्या तटाच्या कमानीपाशी बस थांबली. आत गाड्यांना बंदी होती. मधोमध झिजलेल्या फरशीवरून आत्या काठी आपटत पुढे निघाली. दोन्हीकडची घरं वरच्या मजल्यावर इतकी पुढे झुकली होती की समोरासमोरच्या बायकांना खिडकीतून एकमेकींच्या वेण्या घालता आल्या असत्या. एक मार्गदर्शक छत्री उंच धरून वीसेक पर्यटकांना चालवत होता. आत्याने वाट न देता त्यांच्या मधूनच रस्ता काढला, आणि त्यातले दोघेजण काही पावलं तिच्याच मागे आले.

गल्लीच्या टोकाला हिरवी पाटी होती : 'बेडूक संग्रहालय. एकवीस आवाज. हात लावायला परवानगी आहे.'

रेडिओकाका दारातच उभे होते. अंगात कोट, गळ्यात टाय, टायला पिन, आणि पिनेवर बेडूक.

"आज बंद आहे," ते म्हणाले.

"दार तर उघडं आहे."

"दार उघडं आहे, ताई. संग्रहालय बंद आहे. चार वाजता पाहुण्या यायच्यात."

"मग आम्ही कोण आहोत? चोर?" म्हणत आत्या त्यांच्या काखेखालून आत शिरलीसुद्धा.

काकांनी भाचीकडे पाहिलं. टाय सरळ असतानाही सरळ केला. "ये," एवढंच म्हणाले. मग, "भुवया त्याच्याच आहेत."

तिने आडवळण घेतलं नाही. "काका, बाबा कुठल्या खोक्यात आहेत?"

"कसलं खोकं? कोण म्हणालं?" काकांचा आवाज एक पट्टी वर गेला. "एकवीसच्या एकवीस बेडूक आहेत इथे. पाण्यात राहणारे. किडे खाणारे."

"शपथ घ्या."

"मी आयुष्यात एकच शपथ घेतो," काका म्हणाले, "आणि ती घेऊन झालेली आहे."

बाहेरची खोली लहान होती आणि तिथे बेडकांशिवाय काही नव्हतं. बेडकाच्या आकाराचा नळ, बेडकाचं कुलूप, दार अडवायला ठेवायचा लोखंडी बेडूक, जबड्यात बाटलीचं झाकण धरणारा बेडूक, आणि एका कपाटात नुसते बेडूक छापलेले मोजे. आतल्या खोलीत भिंतीला लागून तीन ओळींत रेडिओ मांडले होते. पुढून जाळीदार कापड, गोल बटणांच्या जागी घराच्या घंटेचं एकेक पितळी बटण, वर काकूंनी केलेला मातीचा बेडूक, आणि खाली बाबांच्या किरट्या अक्षरातलं एक कार्ड. नाव, राहणं, खाणं, ओरडण्याची वेळ.

तीन रेडिओंवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या : 'दुरुस्ती चालू आहे. बटण दाबू नये.' चौथ्यावर, नवव्यावर आणि सतराव्यावर.

"बघितलंस?" आत्या तिच्या कानाशी कुजबुजली. "एक चोर लपवायला दोन साव उभे केलेत. मी त्याला अडकवून ठेवते. तू ऐक."

"कसं अडकवशील?"

"भांडून. दुसरं काय येतं मला?"

आणि बाहेरच्या खोलीतून लगेच आवाज आला, "हा काचेचा पेपरवेट माझा आहे!"

"ताई, तो तुम्ही स्वतः भेट दिलात!"

"भेट? उसना दिला होता! आमच्याकडे कागद उडतायत गेली कित्येक वर्षं!"

"फोटो आहे माझ्याकडे! तुम्ही स्वतःच्या हातांनी देताय असा फोटो आहे!"

"मग दाखव ना. नुसतं तोंडाने काय, मीसुद्धा म्हणेन तुझा कोट माझा आहे."

माळ्याची शिडी करकरली. काका वर गेले होते.

तिने चौथ्याची चिठ्ठी उचलून बटण दाबलं. तारा तोडलेल्या नव्हत्या. टक् टक् टक् टक्, कुणी टेबलावर नखं वाजवावीत तसा. नाही. बाबांना इतका दम नव्हता.

नववा. आधी थोडी खरखर. मग खोलवरून, दमून, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून काढावा तसा आवाज आला : घुर्र्र… ढप्. जरा वेळाने पुन्हा, घुर्र्र… ढप्. तिचा पाय नकळत जमिनीवर पेडल शोधायला लागला. बाबा बाहेरून आले की जिन्यातूनच बेडकाचा आवाज काढत. शेवटच्या वर्षांत तो असाच निघायचा, कवळीमागून, ओलसर आणि अर्धवट. ती खोकल्यावरून डॉक्टर ओळखणारी बाई. हा तर तिच्या घरातला आवाज होता. ती स्टुलावर बसली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तर ते तिने वाहू दिलं. समोर फक्त बेडूक होते.

तरीही शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय नाव टाकायचं नाही, ही कामाची शिस्त. तिने सतरावाही दाबला. ड्रँव! ड्रँव! — सायकलच्या भोंग्यासारखा, उद्धट, भरल्या पोटाचा. अर्ध्या कानाने ऐकून तिने तो सोडून दिला.

आत्या आत डोकावली. भाचीचं तोंड पाहून तिने फक्त बोटं वर केली, किती म्हणून. तिने नऊ बोटं दाखवली.

आत्या आत आली आणि नवव्या रेडिओच्या डोक्यावर, मातीच्या बेडकाच्या पाठीवर, तिने हलकेच दोन थापट्या मारल्या. मग लगेच तिचं डोकं कामाला लागलं.

"त्या दोन चिठ्ठ्या काढ. चौथी आणि सतरावी."

"का?"

"तीन-तीन बंद म्हटल्यावर कुणालाही संशय येईल. एक बिघडलेला चालतो. एक सगळ्यांच्याच घरात असतो. ह्याची मात्र घट्ट चिकटव."

ते पटण्यासारखं होतं. तिने दोन चिठ्ठ्या काढून खिशात घातल्या आणि नवव्यावरची तळहाताने चारही कोपऱ्यांवर नीट दाबून बसवली. बाई येतील, वीस ऐकतील, जातील. बाबा जिथे आहेत तिथे राहतील. बऱ्याच दिवसांनी तिला आपण काहीतरी व्यवस्थित केल्यासारखं वाटलं.

विद्यापीठातल्या बाई चारला दहा मिनिटं असतानाच आल्या. तिशीतल्या, पाठीवर सॅक, पायांत चिखल वाळलेले बूट. काका शिडीवरून उतरले ते टायवर जळमटं आणि हातात फोटो घेऊन. बाईंनी नमस्कार केला, सॅकमधून एक छोटं यंत्र काढलं आणि वेळ न घालवता थेट आतल्या खोलीत गेल्या. काकांना त्यांच्या पुढे जाण्याइतकी ती खोली रुंद नव्हती.

यंत्राला छोटा पडदा होता. आवाज झाला की त्यावर डोंगरांची रांग उमटायची. बाई बटण दाबत, एका कानाने ऐकत, पडदा बघत आणि वहीत खूण करत. पहिला. दुसरा. तिसरा.

"चौथा जरा दुरुस्तीला—" काकांनी सुरुवात केली आणि रेडिओकडे पाहून थांबले.

"छान आहे की," बाई म्हणाल्या. टक् टक् टक् टक्. खूण.

काकांनी आत्याकडे पाहिलं. आत्या छताकडे बघत होती.

"नववा बंद?"

"नववा? हो… नववा बंद. म्हणजे असावा," काका म्हणाले. त्यांची नजर पुढे सरकत सरकत खालच्या ओळीपर्यंत गेली, तिथे थांबली, आणि त्यांचा चेहरा काकूंच्या मातीच्या बेडकांसारखा हिरवट झाला.

तिने काकांकडे पाहून हळूच मान हलवली. काळजी नको, सगळं ठीक आहे, अशी. काकांनीही मान हलवली, पण उलट्या दिशेने.

दहा. अकरा. बारा.

"तुम्ही दमला असाल. आधी चहा घेऊ," काका म्हणाले.

"नंतर." तेरा. चौदा.

"खाली वाकून वाकून कंबर धरते माणसाची. सोळानंतर एकदम अठरा घेऊ. मधे जरा अडचणीची जागा आहे."

"मी चिखलात रात्र-रात्र बसणारी बाई आहे," त्या म्हणाल्या. "मला इथे महाल वाटतोय." पंधरा. सोळा. आणि त्यांनी सतरावं बटण दाबलं.

ड्रँव! ड्रँव!

बाईंनी मान वर केली. पुन्हा दाबलं. मग दोन्ही कानांना हेडफोन लावून तिसऱ्यांदा. मग त्यांनी कार्ड वाचलं. "तळ्याकाठचा लाजरा बेडूक. या नावाचा बेडूक कुठल्याच यादीत नाही."

"लाजरा आहे ना," काका म्हणाले. "नाही आला यादीत."

"काका." बाईंचा आवाज एकदम शिक्षिकेचा झाला. "बेडूक तोंड मिटून ओरडतो. हवा बाहेर सोडतच नाही, आतल्या आत फिरवतो. इथे ओरडायच्या आधी कुणीतरी नाकाने श्वास घेतलाय. आणि नाक चोंदलंय त्याचं. हा बेडूक नाही. हा सर्दी झालेला माणूस आहे."

"नाही!" भाची ओरडली. स्वतःलाच अनपेक्षित असा आवाज निघाला. "चुकताय तुम्ही. माणूस नऊमध्ये आहे!"

आत्याने कपाळावर हात मारला.

बाई उठल्या, नवव्यावरची चिठ्ठी त्यांनी कोपऱ्यातून सोलून काढली, बटण दाबलं. घुर्र्र… ढप्. त्यांनी पूर्ण ऐकलं. पडदा पाहिला. पुन्हा ऐकलं, कारण समोरच्या बाईचे डोळे लाल होते.

"हा बेडूकच आहे," त्या शक्य तितक्या हळू म्हणाल्या. "म्हातारा आहे. तब्येतही बरी नसावी. पण बेडूक आहे."

"सिमेंटच्या पाइपांच्या कारखान्यामागे घेतला होता," काका पुटपुटले. "पाइपात बसला होता. घुमतो म्हणून."

"म्हणजे," आत्या भाचीकडे वळली, "इतका वेळ तू बेडकासाठी रडलीस?"

"तूसुद्धा थापटलंस त्याला!"

"मी तुझ्या भरवशावर थापटलं! कानाची एवढी टिमकी वाजवत असतेस ती तू!"

चार महिने जे तिने कुणाला सांगितलं नव्हतं ते आता सगळ्यांसमोर मांडलं गेलं होतं, तेही बेडकाकडून. ती सतराव्यापाशी गेली आणि बटण दाबलं. ड्रँव! ड्रँव! एकही ओळखीची रेघ त्यात नव्हती.

"हे बाबा नाहीत," ती म्हणाली. "काका, आता तरी खरं सांगा. त्यांचा आवाज असा नव्हता."

हातातला फोटो काकांनी कोटाच्या बाहीला पुसला आणि तिच्या हातात दिला. फोटोत आत्या होती, काळ्या केसांची, दोन्ही हातांनी पेपरवेट पुढे करत असलेली. मागे कुणीतरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता, हातात बादली, तोंड हसून फाटलेलं, आणि त्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात.

"चौतीस वर्षांचा होता तेव्हा," काका म्हणाले. "तू दोन वर्षांची. तुला कसा ओळखू येईल? तुझ्या ओळखीचा झाला तो नंतर."

ती एक्केचाळीस वर्षांची होती. सतराव्या खोक्यातला माणूस तिच्याहून सात वर्षांनी लहान होता. त्याला सर्दी झाली होती, कवळी नव्हती, आणि आपल्याला कुणी कधी आठवायला बसेल असं त्याच्या मनातही नव्हतं. बाबांचा आवाज आपण विसरलो, असा तिने स्वतःवर ठेवलेला एक आरोप होता. तो काढून घ्यावा की नाही हे तिला लगेच ठरवता येईना.

बाईंनी स्वतःचे हेडफोन तिच्या डोक्यावर चढवले. "शेवट ऐका. कापडातून नीट येत नाही."

श्वास. ड्रँव. श्वास. ड्रँव. आणि अगदी शेवटी, टेप कापली जायच्या आत, कुणीतरी नाकातोंडावर हात दाबून फसकन हसलं होतं. आणि दुसरं कुणीतरी म्हणालं होतं, "ए गाढवा—"

तो आवाज छापील नव्हता.

"हसला तो मी," काका म्हणाले. "तेरा वेळा टेप केलं, तेराही वेळा मी हसलो. चौदाव्याला त्याने शिवी दिली आणि म्हणाला, आता असू दे. तपासणी होणार कळल्यावर ताईंना फोन करून बघितलं, कुणाला माहीत नसेल तर गुपचूप काढून ठेवू. हातात कातर घेऊन बसलो काल. तारेला लागेना ती. म्हणून चिठ्ठ्या." त्यांनी कोटाच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. "आता काढतो. नियम तो नियम."

"तू त्याला हात लाव फक्त," आत्या म्हणाली. काठी तिने जमिनीवरून उचलली होती.

"ताई, नकाशात नाही आलो तर माणूस फिरकत नाही इथे. एकवीस काय, शंभर बेडूक असले तरी ऐकायचे कुणी?"

"थांबा," बाई म्हणाल्या. "खोटं चालणार नाही, एवढाच नियम आहे. माणसाचा आवाज असू नये असा नियम नाही. कार्डावर खरं लिहा, मी सही करते. पण खरंच लिहायचं. मी माझ्या नावाने सही करणार आहे."

काकांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. मग एक कोरं कार्ड आणलं. भाचीला लिहायला बसवलं, कारण बाकी दोघांचं अक्षर लागत नव्हतं, असं दोघांनीही एकमेकांबद्दल सांगितलं.

"नाव," बाई म्हणाल्या.

"लाजरा तेवढं ठेवा," काका म्हणाले.

"लाजरा? तो?" आत्या म्हणाली. "माझ्या लग्नात व्यासपीठावर चढून बेडूक काढला होता त्याने!"

तिने लिहिलं : माणूस, प्रौढ नर, वय चौतीस, प्रयोगशाळेतला मदतनीस. बाईंनी मान डोलावली.

"राहणं."

"तळ्याकाठी," काका म्हणाले. "घरी कमीच असायचा."

"बायकोने हाकललं की तळ्याकाठी," आत्या म्हणाली.

"पुरावा?" बाईंनी विचारलं.

"मी स्वतः."

"तुम्ही पक्षकार आहात. नुसतं तळ्याकाठी लिहा."

"खाणं : दुसऱ्याच्या ताटातलं," आत्या म्हणाली. यावर काकांनी साक्ष दिली, तिनेही दिली, आणि तीन साक्षीदार झाल्यामुळे ते कार्डावर चढलं.

"ह्याची एक प्रत तुझ्या फोनमध्ये घालून देऊ?" काकांनी मधेच विचारलं.

तिने विचार केला. तिच्या फोनमध्ये डॉक्टर होते, शेकडो तासांचे. "नको," ती म्हणाली. "इथेच येऊन ऐकेन."

"तिकीट काढावं लागेल हं," आत्या म्हणाली. "आणि त्याआधी माझा पेपरवेट."

"ताई, फोटो बघा! दोन्ही हातांनी देताय!"

"उसनं देतानासुद्धा माणूस दोन हातांनीच देतो."

"शेवटचं राहिलं," बाई घड्याळ बघत म्हणाल्या. "ओरडण्याची वेळ."

"बहीण बोलायला लागली की," काका म्हणाले.

"जिन्यातून वर येताना," असं तिच्या मनात आलं. पण ते नंतरच्या बाबांचं होतं. ह्याचं नव्हतं. ह्या माणसाबद्दल तिला अजून फारसं काही माहीत नव्हतं, आणि खात्रीचं म्हणावं असं एकच होतं. तिने ते लिहिलं आणि कार्ड पुढे केलं.

'ओरडण्याची वेळ : बटण दाबल्यावर.'

बाईंनी वाचलं. मग खात्री करून घ्यायला बटण दाबलं. तो ओरडला, हसू दाबलं गेलं, आवाज तुटला. बाईंनी वहीत खूण केली. पेनाचं टोपण लावलं.

"एका नोंदीवरून निष्कर्ष काढत नसतात," त्या गंभीरपणे म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं.